एक्सप्लेनर : बारावीला ९० टक्के; अग्निवीर व्हायचं की कॉलेज? असं मांडा गणित

शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीसारख्या गावांमुळे कोल्हापुरात लष्करात जाणं ही घराघरातली परंपरा आहे. मात्र जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली आणि जवान भरतीचं गणित बदललं. चांगले गुण असतील तर काय पाहावं?

अग्निवीरला काय मिळतं?
चार वर्षांची सेवा. पहिल्या वर्षी दरमहा ३० हजार, चौथ्या वर्षी ४० हजार रुपये. त्यातले ३० टक्के सेवानिधीत जातात. बाहेर पडताना सुमारे ११.७१ लाख मिळतात, पेन्शन नाही. जास्तीत जास्त २५ टक्के जणच पुढे कायम होतात.

गुणांचा फायदा कुठे?
जनरल ड्युटीसाठी दहावीला ४५ टक्के पुरतात. बारावीच्या गुणांचं खरं चीज अधिकारी होण्याच्या वाटेवर होतं. एनडीएत शिक्षणाचा खर्च सरकार करतं आणि पदवीही मिळते. टेक्निकल एंट्रीसाठी फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्समध्ये ६० टक्के आणि जेईई मेन लागते. तिथे इंजिनिअरिंगची पदवी मिळते.

कॉलेज निवडलं तर?
पदवीनंतर सीडीएस परीक्षा देता येते. अग्निवीरची वयोमर्यादा मात्र तोवर संपत येते.

मग करायचं काय?
घराला पगाराची लगेच गरज असेल, तर अग्निवीर हा रास्त पर्याय आहे. सेवेत असताना इग्नूची पदवीही घेता येते. तशी घाई नसेल, तर कॉलेजला प्रवेश घ्या आणि एनडीएचा फॉर्म भरा. निवड हुकली तरी वर्ष वाया जाणार नाही.