सुगंध बाजारातून नाहीसा होतो तेव्हा : मेणबत्ती उद्योगातील दुर्मिळ कच्च्या मालाचा शोध

सुगंधी मेणबत्त्यांची निर्मिती हा गेल्या काही वर्षांत देशातील अनेक शहरांत घरगुती उद्योग म्हणून रुजला आहे. थोडे भांडवल, एक शेगडी, काही साचे आणि हाताचे कसब एवढ्यावर हा व्यवसाय सुरू होतो. दिवाळी आणि नाताळ या दोन हंगामांवर त्याचे वर्षाचे गणित बसते. मात्र या व्यवसायातील लहान उत्पादकांना एका अडचणीला वारंवार तोंड द्यावे लागते. ज्या सुगंधी तेलामुळे गिऱ्हाईक जोडले गेले, ते तेल एके दिवशी मिळेनासे होते. कधी नेहमीचे मेण येणे थांबते आणि त्याच नावाने आलेला नवा माल साच्यात वेगळाच वागू लागतो. दुकानदाराकडून ‘माल बंद झाला’ एवढेच उत्तर मिळते.

मोठ्या कारखान्याला अशा वेळी नवे मिश्रण तयार करून घेता येते. पाच-दहा किलो मेणावर काम करणाऱ्या उत्पादकाकडे ती सोय नसते. सुगंध बदलला की गिऱ्हाईक तक्रार करते आणि मेण बदलले की वातीपासून साच्यापर्यंत सर्व चाचण्या नव्याने कराव्या लागतात. म्हणूनच माल बंद का होतो, तो कोठे व कसा शोधावा आणि शोध कोठे थांबवावा, हे समजून घेणे उपयुक्त ठरते.

तेल एक, घटक अनेक

मेणबत्तीत वापरले जाणारे सुगंधी तेल हा सहसा एकच पदार्थ नसतो. वनस्पतींपासून काढलेले अर्क, प्रयोगशाळेत तयार केलेली गंधद्रव्ये आणि त्यांना सामावून घेणारे द्रावक अशा अनेक घटकांचे ते मिश्रण असते. डायप्रोपिलीन ग्लायकॉल, डायइथाइल थॅलेट, बेंझाइल बेंझोएट ही अशा द्रावकांची परिचित उदाहरणे होत. घटकांचे नेमके प्रमाण हे उत्पादक कंपनीचे गुपित असते आणि ते बाटलीवर छापलेले नसते. त्यामुळे यांपैकी एक घटक जरी दुर्मिळ झाला, तरी संपूर्ण मिश्रणाचे स्वरूप बदलते किंवा ते बंद करावे लागते.

माल बंद होण्याची कारणे

पहिले कारण आरोग्य व पर्यावरणविषयक नियमांचे आहे. युरोपीय संघाने ‘लायरल’ या गंधद्रव्यावर आणि ओकमॉस या शैवाकाच्या अर्कातील ॲट्रॅनॉल व क्लोरोॲट्रॅनॉल या घटकांवर त्वचेच्या ॲलर्जीच्या कारणास्तव बंदी घातली. ऑगस्ट २०१९ पासून ती नव्या सौंदर्यप्रसाधनांना आणि ऑगस्ट २०२१ पासून बाजारातील सर्व सौंदर्यप्रसाधनांना लागू झाली. ‘लिलियल’ हे पांढऱ्या फुलांचा मृदू वास देणारे द्रव्य १ मार्च २०२२ पासून तेथील प्रसाधनांतून हद्दपार झाले. कस्तुरीसारखा वास देणारे ‘मस्क झायलीन’ हे निसर्गात दीर्घकाळ टिकून राहणारे व सजीवांच्या शरीरात साठणारे द्रव्य आहे. युरोपीय संघात ऑगस्ट २०१४ पासून ते परवान्याविना वापरता येत नाही. हे नियम भारतातील मेणबत्तीला थेट लागू होत नाहीत. परंतु एखाद्या द्रव्याची मोठी बाजारपेठ गेली की त्याचे उत्पादन घटते आणि त्यावर आधारलेली जुनी मिश्रणे इतरत्रही मागे पडतात.

दुसरे कारण पुरवठ्यातील खंड हे होय. जर्मनीतील लुडविग्सहाफेन येथे बीएएसएफ कंपनीच्या सिट्रल उत्पादन विभागाला ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी आग लागली आणि कंपनीला सिट्रल व त्यापासून बनणाऱ्या द्रव्यांचा पुरवठा स्थगित करावा लागला. सिट्रल म्हणजे गवती चहाच्या पातीला चुरगाळल्यावर येणाऱ्या लिंबासारख्या वासाचे मूळ द्रव्य. गुलाब आणि व्हायोलेट यांच्या वासाची अनेक द्रव्येही सिट्रलपासून तयार होतात. त्यामुळे एका कारखान्यातील आगीचे परिणाम जगभरच्या सुगंध व्यवसायाला जाणवले.

नैसर्गिक मालाच्या टंचाईचे ठळक उदाहरण चंदनाचे आहे. म्हैसूर येथे १९१६ मध्ये चंदन तेलाचा कारखाना सुरू झाला, तेव्हा हा वृक्ष दक्षिणेच्या जंगलांत विपुल होता. आज भारतीय चंदन आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत ‘असुरक्षित’ वर्गात मोडते. कर्नाटकाने २००१ मध्ये आणि तमिळनाडूने २००२ मध्ये कायदा बदलून खासगी जमिनीवरील चंदनाची मालकी जमीनधारकास दिली, परंतु झाड पक्व होण्यास अनेक वर्षे जावी लागतात. परिणामी कनौजच्या पारंपरिक अत्तरांतही चंदन तेलाऐवजी अन्य द्रव आधार म्हणून वापरले जाऊ लागले.

तिसरे कारण व्यापारी स्वरूपाचे आहे. बुश बोक ॲलन ही कंपनी २००० मध्ये आयएफएफमध्ये विलीन झाली, क्वेस्ट २००७ मध्ये जिवोदानकडे गेली आणि फर्मेनिक व डीएसएम २०२३ मध्ये एकत्र आल्या. अशा विलीनीकरणानंतर उत्पादनांच्या याद्या तपासल्या जातात आणि कमी खपाची मिश्रणे वगळली जातात. लहान उत्पादकाचे आवडते तेल बहुधा याच कमी खपाच्या यादीत असते.

मेणाचा प्रश्न निराळा

पॅराफिन मेण हे वंगण तेल शुद्ध करताना मिळणारे उपउत्पादन आहे. जुन्या पद्धतीत द्रावकाच्या साहाय्याने तेलातून मेण वेगळे काढले जाई. आधुनिक इंजिनांना अधिक शुद्ध वंगण लागते आणि ते तयार करण्याच्या नव्या प्रक्रियेत मेणाचे रेणू तुटून तेलातच रूपांतरित होतात. जुन्या पद्धतीचे प्रकल्प जगभर बंद होत गेल्याने मेणाचा पुरवठाही आकुंचित झाला. मेणबत्तीच्या मागणीशी या बदलाचा काहीही संबंध नव्हता, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. भारतात आसाममधील दिग्बोई व नुमालीगड आणि चेन्नईजवळील मणली येथील तेलशुद्धीकरण प्रकल्पांत मेण तयार होते. त्यांपैकी नुमालीगडचा मेण प्रकल्प २०१५ मध्ये सुरू झाला.

वनस्पतिजन्य मेणांचे भवितव्य खाद्यतेलाच्या बाजारावर अवलंबून असते. सोयाबीन तेलाचे हायड्रोजनीकरण करून केलेले मेण १९९० च्या दशकात अमेरिकेत प्रचारात आले. पाम मेणावर स्फटिकांची सुंदर नक्षी उमटते, म्हणून त्याला मागणी असते. इंडोनेशियाने २८ एप्रिल ते २३ मे २०२२ या काळात पाम तेलाची निर्यात थांबवली, तेव्हा अशा मालाचा पुरवठा सरकारी निर्णयानिशी किती सहज अडू शकतो हे दिसून आले.

शोध कोठून सुरू करावा

शोधाची पहिली पायरी म्हणजे मालाची खरी ओळख पटवणे. किरकोळ विक्रेते मोठ्या कंपनीचे तेल पिंपातून लहान बाटल्यांत भरतात आणि त्याला स्वतःचे नाव देतात. त्यामुळे विक्रेत्याने एखादे नाव बंद केले, तरी मूळ तेल दुसऱ्या नावाने बाजारात असू शकते. जुन्या बाटलीवरील संकेतांक, बॅच क्रमांक, खरेदीची पावती आणि तेलाचे सुरक्षा माहितीपत्रक ही या शोधाची साधने होत. माहितीपत्रकात धोकादायक घटकांची नावे, त्यांचे नोंदणी क्रमांक आणि फ्लॅश पॉइंट दिलेला असतो. दोन विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांत हे तपशील तंतोतंत जुळले, तर तेल एकच असण्याची शक्यता बळावते.

दुसरी पायरी घाऊक बाजाराची. मुंबईतील प्रिन्सेस स्ट्रीट, दिल्लीतील तिलक बाजार आणि उत्तर प्रदेशातील कनौज येथे गंधद्रव्यांचे जुने व्यापारी आहेत. बंद झालेल्या मालाचा शिल्लक साठा अशा व्यापाऱ्यांच्या गोदामात अनेकदा सापडतो. व्यवसाय आवरता घेणारे उत्पादक हाही एक स्रोत असतो. दूरवरून माल मागवताना वाहतुकीचे नियम ध्यानात ठेवावे लागतात. ६० अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी फ्लॅश पॉइंट असलेले द्रव हवाई वाहतुकीत ज्वालाग्राही माल मानले जातात आणि ते सामान्य पार्सल म्हणून पाठवता येत नाहीत.

मेणाच्या बाबतीत नावापेक्षा गुणधर्म महत्त्वाचे ठरतात. द्रवणांक, तेलाचे प्रमाण आणि सुई किती खोल रुतते यावरून मोजला जाणारा कठीणपणा, हे तीन आकडे जुळले तर दुसऱ्या कारखान्याचे पॅराफिन जवळपास तसेच काम देते. पॅराफिनसाठी आयएस ४६५४ हे भारतीय मानक उपलब्ध आहे. विक्रेत्याकडे या मानकानुसार चाचणी अहवाल मागणे हा ग्राहकाचा अधिकारच होय.

जुन्या साठ्याची परीक्षा

शिल्लक साठा मिळाला म्हणजे काम संपले असे नाही. सुगंधी तेल हवा, प्रकाश आणि उष्णता यांनी बिघडते. लिंबू, संत्रे यांसारख्या फळांचे वास सर्वांत आधी उतरतात. त्यांतील लिमोनीनचे हवेशी संयोग होऊन त्वचेला त्रासदायक द्रव्येही तयार होतात. व्हॅनिलायुक्त तेले काळानुसार गडद होतात आणि मेणालाही तपकिरी छटा देतात. लाकूड, राळ आणि कस्तुरी यांच्या वासाची तेले तुलनेने अधिक टिकतात.

म्हणून मोठी खरेदी करण्यापूर्वी नमुना मागवावा. कागदाच्या पट्टीवर जुने व नवे तेल शेजारी लावून तत्काळ, तासाभराने आणि दुसऱ्या दिवशी वास घ्यावा. नंतर १०० ग्रॅम मेणात ६ ग्रॅम तेल घालून एक मेणबत्ती ओतावी. पॅराफिनच्या मेणबत्तीला एक-दोन दिवस आणि सोया मेणाला एक ते दोन आठवडे मुरू द्यावे. त्यानंतर ती पेटवून ज्योतीची उंची, काजळी आणि पृष्ठभागावर तेलाचे थेंब येतात का, हे पाहावे. जेल मेणात ही दक्षता दुप्पट हवी. जेल हे खनिज तेल व पॉलिमर यांचे मिश्रण असल्याने त्यात न विरघळणारे तेल वेगळे होऊन पेट घेऊ शकते. त्यासाठी ७७ अंशांहून अधिक फ्लॅश पॉइंट असलेले आणि जेलसाठी योग्य म्हणून प्रमाणित केलेलेच तेल वापरावे.

साठ्याचा हिशेबही आधीच मांडावा. मेणाच्या ६ टक्के प्रमाणाने ५०० ग्रॅम तेल सुमारे ८.३ किलो मेणास पुरते, म्हणजे १०० ग्रॅम मेणाच्या सुमारे ८३ मेणबत्त्या होतात. हा आकडा समोर असेल, तर शेवटच्या बाटलीवर मोठी मागणी स्वीकारण्याची चूक टळते.

पर्यायाची निर्मिती

साठा संपणार हे निश्चित असेल, तर तो संपण्याआधीच पर्याय तयार करणे हिताचे असते. मूळ तेलाचा थोडा नमुना गडद रंगाच्या, काठोकाठ भरलेल्या काचेच्या बाटलीत थंड जागी राखून ठेवावा, कारण तुलनेसाठी नमुनाच नसेल तर जुळणी केवळ आठवणीवर अवलंबून राहते. वायू वर्णलेखन व वस्तुमान पंक्तिमापन या जोडपद्धतीने तेलातील बहुतेक घटक व त्यांचे प्रमाण कळू शकते. १९९१ मध्ये कनौज येथे स्थापन झालेल्या सुगंध व सुरस विकास केंद्रात अशा चाचण्यांची सोय आहे. या विश्लेषणातून मिश्रणाचा सांगाडा मिळतो. नैसर्गिक अर्कांची बारीक छटा जुळवण्यासाठी मात्र अनुभवी गंधतज्ज्ञाचे नाकच लागते.

खर्च झेपत नसेल तर दोन-तीन उपलब्ध तेले मिसळून जवळचा वास साधता येतो. अशा वेळी प्रत्येक प्रयोगाचे वजन थेंबांऐवजी ग्रॅममध्ये नोंदवावे. मेणाबाबतही हेच लागू पडते. मऊ मेणात कार्नोबा, राइस ब्रॅन किंवा स्टिअरिक आम्ल थोड्या प्रमाणात मिसळून कठीणपणा वाढवता येतो. कार्नोबाचा द्रवणांक ८२ ते ८६ अंश असल्याने त्याची मात्रा अल्पच ठेवावी लागते. मिश्रण बदलले की वातीची जाडी पुन्हा तपासणे अनिवार्य आहे.

कोठे थांबावे

काही शोध सोडून देणेच योग्य असते. जे द्रव्य विषारीपणामुळे मागे घेतले गेले, त्याचा जुना साठा मिळवण्यात शहाणपण नाही. आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेने २०२० मध्ये जाहीर केलेल्या ४९ व्या सुधारणेपासून मेणबत्त्या बाराव्या वर्गात मोडतात. त्वचेशी थेट संपर्क नसल्याने या वर्गावरील बंधने सौम्य आहेत. तरीही मेणबत्ती ओतणाऱ्याचे हात त्या तेलाच्या रोज संपर्कात येतात, ही बाब दृष्टीआड करता येत नाही. तेल विकत घेताना या संघटनेच्या नियमांनुसार दिलेले प्रमाणपत्र मागावे आणि ते कोणत्या सुधारणेनुसार आहे, तेही पाहावे.

मेणबत्तीच्या इतिहासात याहून मोठी स्थित्यंतरे घडून गेली आहेत. एकेकाळी स्पर्म व्हेल या देवमाशाच्या डोक्यातील मेणाची बत्ती सर्वोत्तम समजली जाई. ब्रिटनमध्ये १८६० च्या कायद्याने प्रकाशाचे मापच तिच्यावरून ठरवले होते. पुढे पॅराफिन आणि स्टिअरिन यांनी तिची जागा घेतली. अमेरिकेने १९७० मध्ये या देवमाशाला संकटग्रस्त ठरवले आणि आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगाने १९८२ मध्ये व्यापारी शिकार थांबवण्याचा निर्णय घेतला. ते मेण आता बाजारात नाही, पण मेणबत्ती टिकून आहे.

आजच्या लहान उत्पादकासाठी व्यवहार्य मार्ग स्पष्ट आहे. प्रत्येक तेलाची व मेणाची मूळ कंपनी, संकेतांक आणि बॅच यांची नोंद ठेवावी. प्रमुख सुगंधासाठी दुसरा पुरवठादार आधीच पारखून ठेवावा आणि एकाच तेलावर संपूर्ण हंगाम अवलंबून ठेवू नये. एवढे केल्यास ‘माल बंद झाला’ हे उत्तर ऐन दिवाळीच्या तोंडावर ऐकावे लागले, तरी हाती घेतलेली मागणी पूर्ण करता येते.