बोरं आंबतात तेव्हा आत काय चालतं?

मेहरूणची पिकलेली बोरं डब्यात बंद राहिली की आंबूस वास येऊ लागतो. फळांच्या सालीवर यीस्ट असतंच. साल फुटली की त्याला साखर मिळते. पण आता वाढायचं, हे एका पेशीच्या जिवाला कळतं कसं?

टॉर नावाच्या जनुकांमुळे. या जनुकांपासून बनणारं प्रथिन बांधकामावरच्या मुकादमासारखं असतं: माल आला की काम सुरू, माल संपला की बंद. अन्न, विशेषतः अमिनो आम्लं, पुरेशी असली की टॉर पेशीला रायबोसोम, म्हणजे प्रथिनं जुळवणारी यंत्रं, बनवायला लावतं. जोमात वाढणारी यीस्टची पेशी मिनिटाला सुमारे २००० रायबोसोम तयार करते! प्रथिनं वाढली की पेशी मोठी होते आणि तिला कळी फुटते. उपासमारीत टॉर थंडावतं. मग पेशी स्वतःचेच जुने भाग मोडून तग धरते.

१९९१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला जोसेफ हाइटमन, राव मोव्वा आणि मायकेल हॉल यांनी रॅपामायसिन या औषधाच्या मदतीने ही जनुकं शोधली. ते औषध ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जिवाणूपासून सुरेंद्रनाथ सेहगल यांच्या गटाने वेगळं केलं होतं. टॉर माणसाच्या पेशीतही आहे आणि रॅपामायसिन त्याला रोखून प्रतिकारपेशींची वाढ थांबवतं, म्हणूनच मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर ते देतात.