वाळूच्या गाळणीची निगा

संत्र्याच्या बागेस पाणी किती द्यावें याविषयीं आपले बागाईतदार पुष्कळ विचार करितात. परंतु तें पाणी झाडापर्यंत ज्या वाटेनें जातें, त्या वाटेकडे तितकें लक्ष जात नाहीं. वरुड, मोर्शी, चांदूर बाजार व अचलपूर ह्या भागांत आतां पुष्कळ बागा ठिबकावर आहेत. अमरावतीस राजापेठेंत कामानिमित्त येणारे बागाईतदार आम्हांस वारंवार सांगतात कीं, संच नवा असतांना पाणी सर्वत्र सारखें पडे, पुढें शेवटच्या झाडांजवळील तोट्या कोरड्या पडूं लागल्या. अशा वेळीं दोष पुष्कळदां तोट्यांचा नसून पंपाजवळ उभ्या असलेल्या वाळूच्या टांकीचा, म्हणजे सँड फिल्टरचा, किंबहुना त्याच्या निगेचा असतो.

वाळूनें पाणी गाळण्याची युक्ति जुनी आहे. १८२९ सालीं लंडन येथील चेल्सी वॉटर वर्क्सनें थेम्स नदीचें पाणी वाळूच्या थरांतून गाळून शहरास देण्यास आरंभ केला. पोहण्याच्या तलावास व ठिबकास लावतात ती बंद टांकी त्याच युक्तीचें वेगवान रूप होय. पाणी वरून शिरतें, वाळूंतून खालीं उतरतें आणि घाण कणाकणांच्या फटींत अडकून राहते. विहीर, शेततळें व कालवा यांच्या पाण्यांत शेवाळ व कुजका पाला असतो. त्यानें नुसती जाळी तेव्हांच तुंबते. वाळूचा थर खोल असल्यामुळें तीच घाण पुष्कळ वेळ सामावून घेतो. तोटीचें छिद्र जेवढें, त्याच्या एकदशांशाहून मोठा कण पुढें जाऊं नये, असा ठिबकाचा सर्वमान्य नियम आहे.

टांकी केव्हां धुवावी? ह्याचें उत्तर पंचांगांत नाहीं, दाब दाखविणाऱ्या दोन घड्याळांत आहे. पाणी आंत शिरतें तेथील व बाहेर पडतें तेथील दाब, वाळू स्वच्छ असतां, पाहून वहींत लिहून ठेवावा. घाण सांचूं लागली कीं दोहोंतील फरक वाढतो. तो दर चौरस सेंटीमीटरास अर्ध्या किलोच्या आसपास गेला कीं धुण्याची वेळ झाली असें समजावें. तोट्या कोरड्या पडेपर्यंत थांबणें म्हणजे आग लागल्यावर विहीर खणण्यासारखें आहे.

धुण्याची रीत सोपी आहे. नेहमींची वाट बंद करून उलट धुण्याच्या, म्हणजे बॅकवॉशच्या झडपा सावकाश उघडाव्या. पाणी आतां खालून वर चढतें, वाळू उचलली जाते, कण एकमेकांवर घासतात व हलकी घाण वाहून जाते. बाहेर पडणारें पाणी कांचेच्या पेल्यांत धरून पाहावें. तें स्वच्छ होईपर्यंत थांबावें. पेल्यांत वाळू दिसल्यास झडप थोडी मिटावी, नाहींतर टांकी हळूहळू रिकामी होते. जेथें दोन टांक्या असतात, तेथें एकीच्या गाळलेल्या पाण्यानें दुसरी धुवावी. नंतर पुढील जाळीचा फिल्टर साफ करावा.

हंगामांतून एकदां पंप बंद करून, दाब पूर्णपणें उतरल्याची खात्री झाल्यावरच झांकण उघडावें. वाळूवर चिखलाचे गोळे किंवा भेगा दिसल्यास पाणी त्यांतून न गाळतां निसटत आहे असें जाणावें. वरचा थर हातानें मोकळा करून पुन्हां धुवावा. कमी पडलेली वाळू नदीवरून आणून भरूं नये. तिचे कण गोल व लहानमोठे असतात. टांकीस धारदार कडांची, एकसारखी वाळूच लागते.

मात्र वाळूकडून भलतीच अपेक्षा करूं नये. पाण्यांत विरघळलेला क्षार तिला दिसत नाहीं. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यांतील खारें पाणी कितीही गाळलें तरी खारेंच राहील. तोट्यांत धरणारा चुना आम्लानें व नळ्यांतील शेवाळ क्लोरिननें घालवावें लागतें. पण हीं दोन्हीं द्रव्यें कधींही एकत्र करूं नयेत, कारण त्यांपासून विषारी वायु निघतो.

आंबिया बहाराचीं कोवळीं फळें वैशाखाच्या उन्हांत झाडावर असतात. त्या दिवसांत पाण्याचा ताण पडला तर फळ गळतें, आणि गळलेलें फळ कोणत्याही उपायानें परत झाडास लागत नाहीं. घड्याळावर रोज एक दृष्टि टाकण्यास क्षणभरच लागतो. तेवढा क्षण आमचे शेतकरी बंधु काढतील, अशी आम्हांस आशा आहे.