कंपनी बुडते तेव्हा (लेखांक ५) : पेपरात नोटीस आली, म्हणजे तुम्हाला कळले!

मागच्या लेखांकात आपण मागणी नोटीस समजून घेतली. थकलेल्या बिलासाठी पुरवठादार कंपनीला नोटीस धाडतो. पैसे द्यायला किंवा बिलाबद्दल आधीपासून वाद आहे हे दाखवायला कंपनीला दहा दिवस मिळतात. ते उलटले की राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणात, म्हणजे एनसीएलटीत, अर्ज करता येतो. मात्र थकबाकी किमान एक कोटी रुपयांची लागते. मार्च २०२० पर्यंत ही मर्यादा एक लाख होती. त्यामुळे आज लहान पुरवठादाराला स्वतः हे दार ठोठावता येत नाही. पण दुसऱ्या कुणी, बहुधा एखाद्या बँकेने, ते उघडले की त्याचेही पैसे आत अडकतात.

आजचा विषय उलट दिशेने येणाऱ्या नोटिशीचा आहे. कंपनीविरुद्धचा अर्ज मंजूर झाला, हे तिच्या शेकडो-हजारो धनकोंना कोणी कळवायचे, कसे आणि किती दिवसांत? आणि एखाद्याला ते कळलेच नाही, तर त्याच्या पैशांचे काय होते?

मंजुरीचा दिवस

नादारी व दिवाळखोरी संहिता २०१६ ची. कंपन्यांची प्रक्रिया तिच्याखाली १ डिसेंबर २०१६ पासून सुरू झाली. एनसीएलटीने अर्ज दाखल करून घेतला की त्याच आदेशाने तीन गोष्टी घडतात. कंपनीविरुद्धचे दावे आणि वसुली थांबते. यालाच मोरॅटोरियम म्हणतात. संचालक मंडळाचे अधिकार गोठतात आणि कारभार इंटरिम रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे, म्हणजे आयआरपीकडे जातो. आणि जाहीर सूचना काढण्याचा हुकूम निघतो.

यातली पहिली गोष्ट अनेकांना गाफील ठेवते. ज्याचा वसुलीचा दावा पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या दिवाणी न्यायालयात चालू आहे, त्याला वाटते की आपले प्रकरण कोर्टात आहेच, आता आणखी काय करायचे? पण ते प्रकरण आता जागच्या जागी थांबलेले असते. हुकूमनामा हातात असला तरी त्याची अंमलबजावणी होत नाही. कंपनीकडून काही मिळवायचे तर एकच वाट उरते: आयआरपीकडे नव्याने दावा नोंदवणे.

तीन दिवस, चौदा दिवस

नियुक्तीपासून तीन दिवसांच्या आत आयआरपीने जाहीर सूचना काढावी, असे संहितेखालच्या नियमावलीतला नियम ६ सांगतो. दावे स्वीकारण्याची शेवटची तारीख नियुक्तीपासून चौदाव्या दिवशी असते. समजा, आयआरपीची नियुक्ती १ जूनला झाली. सूचना ४ जूनपर्यंत छापून यायला हवी आणि दावा १५ जूनपर्यंत पोहोचायला हवा. म्हणजे सूचना शेवटच्या दिवशी छापली गेली, तर ती वाचून, जुनी बिले शोधून, हिशेब जुळवून दावा पाठवायला हातात अकरा दिवस राहतात. पुढच्या सात दिवसांत, म्हणजे २२ जूनपर्यंत, दाव्यांची पडताळणी होऊन धनकोंची यादी तयार व्हायची असते.

ही मुदत हुकली तर सगळे संपले असे मात्र नाही. प्रक्रिया सुरू झाल्यापासून ९० दिवसांपर्यंत, किंवा खरेदीदारांकडून कंपनी सावरण्याचे आराखडे मागवण्याची सूचना निघेपर्यंत, यांपैकी जे नंतर येईल तोवर दावा करता येतो. आपल्या उदाहरणात ९० दिवस ३० ऑगस्टला भरतात. ही वाढीव मुदतही उलटल्यावर आलेला दावा स्वीकारायचा की नाही, हे धनकोंच्या समितीच्या शिफारशीवर आणि शेवटी एनसीएलटीच्या मर्जीवर अवलंबून राहते.

चौदा ओळींचा तक्ता

ही सूचना ‘फॉर्म ए’मध्ये असते. पेपरात ती एका तक्त्यासारखी दिसते. कंपनीचे नाव, स्थापनेची तारीख, नोंदणी क्रमांक, नोंदणीकृत कार्यालय, प्रक्रिया सुरू झाल्याची आणि संपण्याची अंदाजे तारीख, आयआरपीचे नाव, दाव्याची अंतिम तारीख अशा चौदा बाबी तीत येतात. वाचताना दोन ठिकाणी थांबावे. पहिले, आयआरपीचे पत्ते दोन असतात. नवव्या ओळीत त्याचा दिवाळखोरी मंडळाकडे, म्हणजे आयबीबीआयकडे, नोंदवलेला पत्ता असतो. दहाव्या ओळीत या प्रकरणाच्या पत्रव्यवहारासाठीचा पत्ता आणि ईमेल असतो. दावा दहाव्या ओळीतल्या पत्त्यावर पाठवायचा. दुसरे, फ्लॅट खरेदीदारांसारखा एकाच वर्गातल्या धनकोंचा मोठा गट असेल, तर तेराव्या ओळीत तीन व्यावसायिकांची नावे दिलेली असतात. त्यांतला एक गटाचा प्रतिनिधी होतो आणि समितीत गटाच्या वतीने मत देतो. दावा भरतानाच आपली पसंती नोंदवायची असते. ती न नोंदवणाऱ्याच्या वतीने कोण बोलणार, हे बाकीचे ठरवतात.

फॉर्म कोणता, हे आपण कंपनीचे कोण लागतो यावर ठरते. माल किंवा सेवा पुरवणाऱ्यांसाठी फॉर्म बी. बँका आणि कर्ज देणाऱ्यांसाठी सी. २०१८ च्या दुरुस्तीने वित्तीय धनको ठरलेल्या घरखरेदीदारांसारख्या वर्गांसाठी सीए. कामगार आणि कर्मचाऱ्यांसाठी डी. अनेक कामगार-कर्मचाऱ्यांच्या वतीने एकाच प्रतिनिधीने दावा करायचा असेल तर ई. आणि यांपैकी कशातच न बसणाऱ्यांसाठी एफ. पुरवठादार आणि कामगार आपला दावा प्रत्यक्ष, टपालाने किंवा ईमेलने देऊ शकतात. वित्तीय धनकोंना तो इलेक्ट्रॉनिक मार्गानेच द्यावा लागतो. दाव्याची रक्कम प्रक्रिया सुरू झाल्याच्या तारखेची धरायची. त्यानंतरचे व्याज त्यात येत नाही. खोटा दावा करणाऱ्याला शिक्षा आहे आणि तो इशाराही सूचनेतच छापलेला असतो.

कुठल्या गावचा पेपर?

सूचना एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक भाषेतल्या, मोठ्या खपाच्या वृत्तपत्रात द्यावी लागते. ही वृत्तपत्रे कंपनीचे नोंदणीकृत आणि मुख्य कार्यालय जिथे असेल तिथली हवीत. कंपनीचा महत्त्वाचा व्यवसाय आणखी कुठे चालतो असे आयआरपीला वाटले, तर तिथेही ती द्यावी. शिवाय कंपनीच्या आणि आयबीबीआयच्या संकेतस्थळावर ती टाकायची असते.

आता असे समजा, की शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीने फरिदाबादच्या कंपनीला सुटे भाग पुरवले आणि तिचे बावीस लाख रुपये अडकले. कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय दिल्लीत आहे. सूचना दिल्लीच्या इंग्रजी आणि हिंदी पेपरात येते. नियमाचे अक्षरशः पालन झाले, पण शिरोलीत तो पेपर येतच नाही. पुण्यातला फ्लॅट घेऊन दुबईत नोकरी करणाऱ्याची, किंवा कारखाना बंद पडल्यावर गावी बीडला परतलेल्या कामगाराची गत वेगळी नाही. बँकेकडे असल्या सूचनांवर नजर ठेवणारा विभाग असतो. फाउंड्रीच्या मालकाकडे एक अकाउंटंट असतो आणि तोही जीएसटीच्या तारखा सांभाळण्यात गुंतलेला असतो.

न्यायालय काय म्हणते

‘आम्हाला कळलेच नाही’ हे उत्तर सर्वोच्च न्यायालयासमोर येऊन गेले आहे. आरपीएस इन्फ्रास्ट्रक्चर या कंपनीच्या बाजूने लवादाचा निवाडा झालेला होता. समोरची कंपनी दिवाळखोरीत गेली, सूचना पेपरात आली आणि यांचा दावा २८७ दिवस उशिरा पोहोचला. तोवर धनकोंच्या समितीने आराखडा मंजूर केलेला होता. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला, की वृत्तपत्रातील जाहीर सूचना म्हणजे धनकोला माहिती मिळाली असेच धरले जाईल; व्यापार करणाऱ्या आणि वाद चालू असलेल्या पक्षाने सावध राहायला हवे होते. दावा फेटाळला गेला.

या कठोरपणामागे कारण आहे. बुडालेली कंपनी विकत घेणाऱ्याला नेमके किती देणे डोक्यावर घ्यायचे, हे आधी कळले पाहिजे. पैसे भरून झाल्यावर रोज नवा धनको दारात उभा राहू लागला, तर कुणीही कंपनी घेणार नाही आणि तिथल्या नोकऱ्याही वाचणार नाहीत. म्हणूनच एप्रिल २०२१ मध्ये घनश्याम मिश्रा अँड सन्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की एनसीएलटीने मंजूर केलेल्या आराखड्यात नसलेले दावे संपुष्टात येतात. खाजगी धनकोंप्रमाणे सरकारी देणीही याला अपवाद नाहीत.

इथेच नोटिशीचे वजन कळते. एखाद्याचा हक्क कायमचा पुसला जाणार असेल, तर तो पुसण्याआधी त्याला खरोखर बोलावलेले असले पाहिजे. नव्या मालकाला कोरी पाटी देण्याचे समर्थन याच एका अटीवर उभे आहे. ती अट केवळ कागदावर पाळली, तर त्याची किंमत ज्याच्याकडे वकील नाही त्याच्याकडून वसूल होते.

ओळखीचा धनको, अनोळखी धनको

अमेरिकेत हा प्रश्न सत्तर वर्षांपूर्वी सुटला. न्यूयॉर्क, न्यू हेवन अँड हार्टफर्ड ही रेल्वे कंपनी डबघाईला येऊन तिची पुनर्रचना चालली होती. दावे मागवणारी सूचना वृत्तपत्रांत आली. न्यूयॉर्क शहराची या रेल्वेकडे थकबाकी होती आणि रेल्वेला ती माहीत होती, तरी शहराला पत्र गेले नाही. शहराने मुदतीत दावा केला नाही. १९५३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की जो धनको कंपनीला ठाऊक आहे त्याला पेपरातली सूचना पुरेशी नाही; त्याला स्वतंत्र कळवायलाच हवे. पेपर आहे तो ज्यांची नावे-पत्ते सापडत नाहीत त्यांच्यासाठी.

आपल्याकडे हा विचार नियमात यायला २०२२ उजाडले. त्या वर्षी आलेल्या नियम ६ए नुसार, कंपनीच्या उपलब्ध हिशेबवह्यांत ज्यांची नोंद आहे अशा सर्व धनकोंना आयआरपीने सूचनेच्या प्रतीसह टपालाने किंवा ईमेलने कळवायचे असते. शिरोलीच्या फाउंड्रीचे नाव, पत्ता, ईमेल कंपनीच्या खात्यात असतेच. आता तिला पत्र जायला हवे. ही मोठी सुधारणा आहे. मात्र त्याच नियमात पुढे म्हटले आहे, की ज्यांना कळवणे शक्य झाले नाही त्यांना पेपरातली सूचना पोहोचली असे समजावे. खरोखर प्रयत्न झाला होता का, हे तपासण्याची जागा नेमकी इथे आहे.

न्यायाधिकरणांनीही काही ठिकाणी या तटबंदीला खिडकी ठेवली आहे. के. व्ही. डेव्हलपर्स या बांधकाम कंपनीच्या प्रकरणात २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणाने म्हटले, की घरखरेदीदारांनी दावा केला नसला तरी त्यांची नोंद कंपनीच्या दफ्तरात असेल, तर ते देणे खरेदीदारांसाठीच्या माहितीपत्रकात दाखवले पाहिजे आणि आराखड्यात त्याचा विचार झाला पाहिजे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्रेटर नोएडा औद्योगिक विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मंजूर झालेला आराखडा समितीकडे परत पाठवला. प्राधिकरणाने पुराव्यांसह दावा केला होता, पण तो वेगळ्या फॉर्मवर होता म्हणून बाजूला राहिला होता. फॉर्म चुकला एवढ्यावरून पुराव्यासह आलेला दावा डावलता येत नाही, असे न्यायालयाने सांगितले.

पण या खिडक्यांच्या भरवशावर राहू नये. सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाण्याची ऐपत बावीस लाखांच्या धनकोकडे नसते.

आपल्या हातात काय आहे

ज्या कंपनीकडे तुमचे पैसे अडकले आहेत, तिचे नाव दर पंधरा दिवसांनी आयबीबीआयच्या संकेतस्थळावरच्या जाहीर सूचनांच्या यादीत शोधा. ते फुकट आहे. आपल्या ईमेलच्या स्पॅममध्ये डोकावत जा. आयआरपीचे पत्र तिथे जाऊन पडलेले असू शकते. पत्ता किंवा ईमेल बदलला तर कंपनीला लेखी कळवा. बिले, डिलिव्हरी चलने, खातेउतारा, बँक स्टेटमेंट, कामगार असाल तर पगारपत्रक आणि नेमणूकपत्र, एका ठिकाणी ठेवा. दावा पाठवल्यावर पोच मागा आणि धनकोंची यादी प्रसिद्ध झाली की आपल्या नावापुढे किती रक्कम मान्य झाली ते पाहा. कंपनी पुढे अवसायनात गेली, म्हणजे मालमत्ता विकून ती बंद करायचे ठरले, तर अवसायक पाच दिवसांत दुसरी सूचना काढतो आणि दाव्यासाठी तीस दिवस मिळतात. ही वेळ कित्येक वर्षांनीही येऊ शकते. २०१९ च्या जूनमध्ये मुंबईच्या एनसीएलटीत आलेल्या जेट एअरवेजच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने अवसायनाचा आदेश ७ नोव्हेंबर २०२४ ला दिला. इतक्या वर्षांत धनकोचा पत्ता, नोकरी, कधी कधी वारसही बदललेले असतात.

दावा केला म्हणजे सगळे पैसे मिळतील, असे मी म्हणणार नाही. लहान पुरवठादाराच्या वाट्याला पुष्कळदा थोडेच येते. पण यादीत नाव नसेल, तर त्या थोडक्यावरही हक्क सांगता येत नाही.

आणि व्यवस्थेकडून मागायचे तेही मागितले पाहिजे. आराखडा मतदानाला ठेवण्याआधी, कोणत्या धनकोला कधी आणि कोणत्या मार्गाने कळवले, याचा पुरावा आयआरपीने एनसीएलटीपुढे ठेवावा. वह्यांत मोबाइल क्रमांक असेल तर संदेश जावा. कामगारांना आणि घरखरेदीदारांना ते राहतात तिथल्या भाषेत सूचना मिळावी. या गोष्टींना फारसा खर्च नाही आणि प्रक्रियेचा एकही दिवस वाढत नाही. ज्या कायद्याने लाखोंचे हक्क एका आदेशाने संपवण्याची ताकद घेतली आहे, तो एवढे देणे लागतो.

पुढच्या लेखांकात: धनकोंची समिती. तिथे मत कोणाला असते, ६६ टक्क्यांचे गणित काय आहे, आणि पुरवठादार त्या खोलीबाहेर का राहतो.