आठ नंबरची नळी

सव्वाआठ. ओपीडी नऊला, पण पाथर्डीकडची माणसं पहिल्या एस.टी.नं नगरला येतात. बाकावर सहा वर्षांचा मुलगा, आई, आजी. शाळेत तपासणीला आलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकानं पाठवलंय. चड्डी सारखी ओली, वर्गात कुणी जवळ बसवत नाही.

साडेनऊ. लघवीची धार मी स्वतः बघते. पोट दाबून, कुंथून थेंबथेंब. लगेच सोनोग्राफी केली, तर पिशवीत 120 मिली शिल्लक. वयात एक मिळवून तीसनं गुणलं की पिशवीचं माप साधारण कळतं, याचं 210. म्हणजे निम्म्याहून जास्त तुंबलेलं. कंबरेवर जुना व्रण आहे. जन्मल्यावर पाठीची गाठ काढली, पोरगा चालायला लागला, घरच्यांना वाटलं सुटलो. पण पिशवीनं आवळायचं तेव्हा तोंडानं सैल व्हायचं, हा मेळ घालणाऱ्या नसा तिथंच अडकलेल्या. किडन्यांना थोडी सूज आहे, क्रिएटिनिन मात्र ठीक. वेळेत आलाय.

अकरा. सातवीतली मुलगी, वरचेवर जंतुसंसर्ग. शाळेत पाणी नाही म्हणून सकाळपासून घरी येईपर्यंत लघवी धरते. शौचालाही खडा होतो. आधी पोट साफ, मग दर दोन-तीन तासांनी लघवी. वर्गातून सोडावं म्हणून बाईंना चिठ्ठी देते. एवढ्यासाठी डॉक्टरची सही लागावी, याचा मला राग येतो.

एक वाजता सकाळच्या मुलाच्या आईला आठ नंबरची नळी घालायला शिकवायचं. दर तीन-चार तासांनी घालायची, पिशवी रिकामी करायची, काढायची. आई विचारते, “मॅडम, दिवाळीनंतर आमी ऊसतोडीवर. कोपीत कसं जमंल?” 1972 मध्ये मिशिगनच्या लॅपिडीस यांनी दाखवलं, की नळी निर्जंतुक नसली तरी चालते, स्वच्छ हवी. साबण आणि तांब्याभर पाणी फडावरच्या झोपडीतही असतं. तरी मी आजीलाही शिकवते. पोरगा गावी राहिला तर शाळा बुडणार नाही.

आईचा हात दोनदा थरथरतो. “दुखतंय का रं?” तो मान हलवतो, नाही.

चार. ऑक्सिब्युटिनिनचा डोस वजनावर काढून दिला. दोन दिवस वॉर्डात ठेवलंय.

सव्वासहा. राउंडला जाते तो आजीनं नळी धुऊन वाळत घातलेली. उशाशी वहीत आईचं मोठं, वाकडं अक्षर: 6.05, दीडशे.