छोट्या पार्सलची माफी संपली : अमेरिकेला माल पाठवणाऱ्यांसाठी

अमेरिकेतल्या ग्राहकाने एक शाल किंवा दोन कुर्ते मागवावेत, आपण ते पोस्टाने रवाना करावेत आणि तिथल्या कस्टमने एक पैसाही न घेता पार्सल त्याच्या दारात जाऊ द्यावे, असा व्यवहार काही वर्षे सुरळीत चालला. मोबाईलवर फोटो दाखवून भरतकाम, हातमागाचे कापड, चामड्याच्या चपला विकणाऱ्या अनेक कारागिरांची रोजी त्यावर उभी राहिली. २९ ऑगस्ट २०२५ पासून ही सोय सर्व देशांसाठी बंद झाली. का बंद झाली आणि आता काय करावे, हे समजून घेणे जरूर आहे.

मराठीत नाक्यावरच्या कराला जकात म्हणत आले. शब्द आपल्याच जकातीवरून आला, अर्थ निराळा. तरी एक साम्य आहे. आपल्या जकातीला जसा निसाब, तसा अमेरिकी कस्टमलाही एक निसाब होता. त्याखालच्या मालावर शुल्क नाही. तिकडे याला ‘डी मिनिमिस’ म्हणतात. १९३८ साली हा नियम आला तेव्हा हद्द होती अवघा एक डॉलर. दोन पैशांचे शुल्क वसूल करायला सरकारचे चार पैसे खर्च होऊ नयेत, एवढाच हेतू. पुढे हद्द २०० डॉलर झाली आणि २०१६ साली ८०० डॉलर.

पण निसाब माणसाच्या एकूण जकातपात्र मालमत्तेवर पाहिला जातो. ही माफी मात्र एका माणसाच्या नावे एका दिवसात येणाऱ्या मालापुरती पाहिली जात होती. खोट इथेच होती. जो माल कंटेनरमधून आला असता तर पूर्ण शुल्क भरावे लागले असते, तोच हजारो पुड्या करून हजारो ग्राहकांच्या नावे पाठवला की शुल्क शून्य. शीन आणि टेमू यांसारख्या चिनी मालाच्या कंपन्यांनी याच वाटेने बाजार काबीज केला. २०१५ साली अशी पार्सले चौदा कोटींच्या आत होती, २०२४ साली ती १३६ कोटींवर गेली. एवढे डोंगर कोण उघडून पाहणार? अमेरिकेने अमली पदार्थांचेही कारण पुढे केले आणि २ मे २०२५ रोजी प्रथम चीन व हाँगकाँगची माफी काढली. चार महिन्यांच्या आत आपलीही गेली. लबाडी मोठ्यांनी केली, भुर्दंड छोट्यांना बसला.

मात्र एकतर्फी बोलू नये. आपल्याकडेही हेच घडले आहे. चिनी अॅपवरून मागवलेले कपडे ५,००० रुपयांच्या आतली ‘भेट’ म्हणून बिनशुल्क येत होते. १२ डिसेंबर २०१९ रोजी आपल्या सरकारने पोस्टाने व कुरियरने येणाऱ्या भेटींना बंदी केली, अपवाद फक्त राखी आणि जीवरक्षक औषधांचा. तेव्हा आपण कापडवाल्यांनी समाधानच मानले होते. अमेरिकेतला दुकानदारही तोच न्याय मागत होता.

आता प्रत्यक्ष व्यवहाराकडे येऊ. शुल्क कोणी, कसे गोळा करायचे हे स्पष्ट नसल्याने विमान कंपन्यांनी पार्सले घेण्यास नकार दिला आणि २५ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय टपाल खात्याला अमेरिकेचे बुकिंग थांबवावे लागले. १५ ऑक्टोबरला ते पुन्हा सुरू झाले, पण नव्या रीतीने. शुल्क आता पाठवणाऱ्याकडून पोस्टातच आगाऊ घेतले जाते. सुरुवातीचा दर जाहीर किमतीच्या ५० टक्के होता, म्हणजे ४,००० च्या शालीवर २,००० रुपये. यात किंमत धरायची ती मालाची, टपालखर्च सोडून. आगाऊ भरणा ऐकायला जाच वाटतो, पण मला तो बरा वाटतो. ग्राहकाच्या दारात अचानक बिल गेले की तो पार्सल परत करतो, आणि परतीचा खर्च आपल्याच डोक्यावर बसतो.

दर मात्र हुकमाने चढतात, हुकमाने उतरतात. २० फेब्रुवारी २०२६ रोजी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने आणीबाणीच्या अधिकाराखाली लावलेली शुल्के रद्दबातल ठरवली, तेव्हा बऱ्याच जणांना वाटले की जुने दिवस आले. तसे झाले नाही. माफीची स्थगिती त्याच दिवशी नव्या हुकमाने कायम ठेवली गेली. शिवाय ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या कायद्याने ही माफी १ जुलै २०२७ पासून मुळातूनच काढली आहे. तेव्हा दर कमी होण्याची आशा ठेवावी, माफीची ठेवू नये. ग्राहकाला किंमत सांगण्याआधी त्या दिवसाचा दर पोस्टात विचारून घ्यावा.

युरोपची हवाही तीच आहे. १५० युरोच्या आतल्या पार्सलांवर १ जुलै २०२६ पासून दर प्रकारच्या वस्तूमागे ३ युरो शुल्क घेण्याचे तिथल्या देशांनी डिसेंबर २०२५ मध्ये ठरवले.

दोन गोष्टींत आपली माणसे हमखास अडकतात. पहिली, विकलेल्या मालावर ‘भेट’ लिहिणे किंवा किंमत पाडून लिहिणे. १०० डॉलरपर्यंतच्या खऱ्या भेटीला सूट ठेवलेली होती, विक्रीला नाही. ग्राहकाने मोबाईलवर भरलेली रक्कम आणि कागदावरची रक्कम ताडून पाहणे आता अवघड राहिलेले नाही. मापात खोट करणाऱ्यांबद्दल कुरआनचा इशारा आपल्या वाचकांना सांगायला नकोच.

दुसरी गोष्ट मूळ देशाची. चादर, शाल अशा मालात अमेरिका सर्वसाधारणपणे कापड कुठे विणले गेले ते पाहते. चिनी थान आणून इथे नुसती किनार शिवली तर तो माल भारतीय होत नाही. उलट भिवंडी-मालेगावच्या मागावरचे कापड असेल तर सूतवाल्याचे आणि मागवाल्याचे बिल जपून ठेवावे. तोंडी व्यवहाराची आपली जुनी सवय इथे नडते.

ज्यांच्याकडे आयात-निर्यात कोड नाही त्यांनी तो काढून घ्यावा, सरकारी फी ५०० रुपये आहे. कोड असला की डाकघर निर्यात केंद्रातून पोस्टाचे निर्यात बिल ऑनलाईन भरता येते. बिलावर ‘कपडे’ एवढेच लिहून चालत नाही. सुती की रेशमी, विणलेले की होजिअरी, हातमाग की यंत्रमाग हे सगळे लिहावे लागते, कारण मालाचा कोड त्यावरूनच ठरतो.