दुर्बीण मध्येच का थांबते?

आपल्या ट्रस्टने शाळेस दिलेली दुर्बीण हिवाळ्यात गच्चीवर मांडली जाते, हे सभासदांस ठाऊक आहेच. मागे एका रात्री गुरू पाहण्यास रांग लागली असता ती तीन वेळा मध्येच थांबली. तिसऱ्या वेळी जवळ उभ्या असलेल्या विद्यार्थ्यास “तूच धक्का दिलास” असे मी सर्वांसमक्ष बोललो. खरा दोष निराळाच होता. तो कसा सापडला ते येथे सांगतो.

दुर्बिणीला मोटार कशाला, असे कोणी विचारील. पृथ्वी ताऱ्यांच्या मानाने २३ तास ५६ मिनिटांत स्वतःभोवती एक फेरा पुरा करते. त्यामुळे आकाश तासाला सुमारे १५ अंश सरकताना दिसते. नुसत्या डोळ्यांना ही चाल जाणवत नाही. पण वस्तू दोनशेपट मोठी दाखवताना दुर्बिणीत आकाशाचा जेमतेम पाव अंश मावतो, आणि तेवढे अंतर ग्रह मिनिटभरात ओलांडतो. म्हणून बैठकीतील मोटार दुर्बीण त्याच चालीने वळवीत राहते. मोटार थांबली की गुरू निसटला.

कायमचा दोष शोधणे सोपे. अधूनमधून येणारा दोष मात्र पाळीच्या तापासारखा. वैद्य येईपर्यंत उतरलेला असतो. अशा वेळी पेचकस उचलण्याआधी कागद घ्यावा व दुर्बीण थांबते त्या क्षणी काय दिसले ते लिहावे.

मोटारीचा आवाज चालू आहे पण ग्रह निसटतो, तर दोष यांत्रिक समजावा. पकडीचा स्क्रू ढिला असेल, किंवा आट्यांचा दांडा दातेरी चाकात नीट बसत नसेल. १४४ दात्यांचे चाक असल्यास या दांड्याचा एक फेरा सुमारे दहा मिनिटांत होतो. दर दहा मिनिटांनी ग्रह उडी मारीत असेल, तर दांड्यावरील कचरा पाहावा. कंट्रोलरवरील अक्षरे कायम आहेत पण मोटार मुकी आहे, तर मोटारीची वायर तपासावी. अक्षरे पुसली जाऊन आरंभीची सूचना पुन्हा उमटली, तर क्षणभर वीजच तुटली असे जाणावे.

आमच्या कागदावर तिन्ही वेळा ही शेवटची खूण होती. बॅटरी मोजली, १२.७ व्होल्ट भरली. पण स्वस्थ बसलेल्या बैलाची ताकद कळत नाही. म्हणून दुर्बीण झपाट्याने वळवताना पुन्हा मोजली. तेव्हाही ती १२ व्होल्टच्या खाली उतरली नाही. बॅटरी निर्दोष ठरली.

दुसऱ्या दिवशी वर्गातच, भिंगावर झाकण ठेवून, मोटार चालू केली. (दिवसा दुर्बीण चुकूनही सूर्याकडे वळवू नये.) ज्याला मी बोललो होतो तोच विद्यार्थी कंट्रोलरकडे पाहत बसला. बॅटरीपासून सुरुवात करून मी वायर वीतवीत हलवीत गेलो. बैठकीजवळच्या प्लगला बोट लागताच तो ओरडला, “सर, गेले!”

प्लग बाहेरून बरोबर, ५.५ मिलिमीटरचा, पण त्याचे आतील भोक २.५ मिलिमीटरचे आणि बैठकीतील पिन २.१ ची. दोन्ही प्रकारचे प्लग वरून अगदी सारखे दिसतात. दुर्बीण वळता वळता वायर ताणली जाई, पिन सुटे आणि वीज तुटे. योग्य प्लग लावला. मग वायर थोडी सैल ठेवून तिपाईच्या पायाला बांधली, म्हणजे ओढ प्लगवर येत नाही. ही दोन्ही कामे मात्र एकदम केली नाहीत. नुसता प्लग बदलून एक संध्याकाळ मोटार चालवून पाहिली. ती थांबली नाही, तेव्हाच दोष सापडला असे मानले. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही. घरच्या शिलाईयंत्राला आणि पाण्याच्या पंपालाही हाच नियम लागू आहे.

पुढच्या कार्यक्रमात रांगेसमोरच मी त्या विद्यार्थ्याची माफी मागितली. आळ चारचौघांत घेतला होता, तो चारचौघांतच मागे घेणे भाग होते. आता दुर्बीण मांडण्याचे काम त्याच्याकडेच आहे. येत्या हिवाळ्यात सभासदांनी सहकुटुंब गच्चीवर यावे, ही विनंती.